लॉनमधल्या लाल मुंग्या : लातूरच्या एका अंगणाचा प्रकरण अभ्यास

गुढीपाडवा होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा लातूरच्या औसा रस्त्याकडील एका वसाहतीतून एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतल्यापासून बागांची देखभाल हेच माझे काम असल्यामुळे असे फोन मला नेहमी येतात; परंतु सरांचा प्रश्न थोडा वेगळा होता. घरासमोरचे 40 फूट लांब आणि 28 फूट रुंद लॉन मुंग्यांनी खाऊन टाकले आहे, तेव्हा ते उखडून तेथे पेव्हर ब्लॉक बसवावेत की आणखी एखादे औषध मारून पाहावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. मागच्या दिवाळीत पुण्याहून आलेली 6 वर्षांची नात अनवाणी खेळताना वारुळावर उभी राहिली होती आणि तिच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत बारीक फोड आले होते. मे महिन्यात ती पुन्हा येणार होती, म्हणून निर्णय लवकर हवा होता.

मी पहिली भेट सकाळी सात वाजता ठेवली. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात मुंग्या पाहायच्या तर उन्हे वर येण्यापूर्वी किंवा दिवस मावळल्यावरच पाहाव्या लागतात. अकरा वाजता गेलेल्या माणसाला मातीचे ढीग तेवढे दिसतात आणि वसाहत रिकामी पडल्याचा गैरसमज होतो. लॉन ‘सिलेक्शन वन’ या नावाने नर्सरीत मिळणाऱ्या हरळीच्या जातीचे होते. फाटकाजवळ ते दाट आणि हिरवे होते, पण दक्षिणेकडील कंपाउंड भिंतीला लागून सहा-सात फुटांचा पट्टा पिवळा पडला होता आणि बहुतेक ढीग त्याच पट्ट्यात होते. मी एकूण 14 वारुळे मोजली. त्यांपैकी 11 या पट्ट्यात होती. पाणी घालणारे माळीमामा माझ्याबरोबर फिरत होते. ते म्हणाले, “पाय टेकू देईनात साहेब, लई चावलाल्यात.” मात्र कोणत्या मुंग्या चावतात, या प्रश्नावर त्यांचे आणि सरांचे उत्तर एकच होते : सगळ्याच.

येथेच पहिली चूक होती. गुडघे टेकून तासभर पाहिल्यावर त्या अंगणात मुंग्यांच्या तीन जाती स्पष्ट दिसल्या. जास्वंदीच्या झाडावर आणि तिच्या बुंध्याशी मोठे काळे मुंगळे होते. हे मुंगळे डिवचल्यास जबड्याने धरतात, पण त्यांना नांगी नसते. पेव्हरच्या फटींतून धावणाऱ्या बारीक काळ्या मुंग्या कुणालाच त्रास देत नव्हत्या. तिसरी जात होती तांबूस-तपकिरी मुंग्यांची. त्यांचे वारूळ म्हणजे गवताच्या बुडाशी रव्यासारख्या भुसभुशीत मातीचा ढीग. मी त्यात गवताची एक वाळलेली काडी खुपसली, तर पाचेक सेकंदांत त्या काडीवरून माझ्या बोटांपर्यंत पोहोचल्या. त्यांच्यात काही मुंग्यांची डोकी चौकोनी आणि इतकी मोठी होती की बाकीचे शरीर त्या डोक्याला मागून चिकटवल्यासारखे दिसत होते. ही मोठ्या डोक्याची कामकरी मुंगी बिया फोडण्याचे काम करते, आणि ती दिसली की ओळख पटण्यास बरीच मदत होते. शास्त्रीय भाषेत ही सोलेनोप्सिस जेमिनाटा. मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातली ही अग्निमुंगी आता भारतासह जगाच्या बऱ्याच उष्ण भागांत पसरली आहे. ती जबड्याने धरते आणि पोटाच्या टोकाची नांगी टोचते. जी आग होते ती नांगीतल्या विषाची असते. नातीच्या पायावरचे फोड हिचेच होते.

त्याआधी वर्षभरात या अंगणात काय काय करून झाले होते, हे सरांनी वहीत लिहून ठेवले होते आणि त्यांच्या या सवयीमुळे माझे निम्मे काम सोपे झाले. प्रथम केटलीभर उकळते पाणी दोन-तीन वारुळांत ओतले गेले. वरच्या मुंग्या मेल्या, राणी खोल असल्यामुळे वाचली आणि गवत मात्र ताटलीएवढ्या गोल ठिपक्यांत करपले; ते ठिपके मलाही दिसले. त्यानंतर मीठ टाकून झाले, ज्याने मुंग्यांपेक्षा गवताचे नुकसान अधिक झाले. पुढे शेजाऱ्यांनी ‘गॅमॅक्सिन टाका, एका दिवसात साफ होतील’ असा सल्ला दिला. हा सल्ला गावोगावी अजून दिला जातो आणि दुकानात त्या नावाने कोणती ना कोणती पांढरी पावडर हातावर ठेवलीही जाते. वास्तविक ज्या बीएचसी (बेंझिन हेक्झाक्लोराइड) या कीटकनाशकामुळे हे नाव घरोघरी पोहोचले, त्यावर आपल्या देशात 1997 पासून बंदी आहे. सरांनी ती पावडर आणली, पण नातीचा विचार करून पोते उघडले नाही. शेवटी फवारणी करणाऱ्या एका ठेकेदाराला बोलावून संपूर्ण लॉनवर औषध मारून घेतले. आठ दिवस शांतता होती आणि नवव्या दिवशी जुन्या ढिगांपासून चार-पाच फुटांवर नवे ढीग दिसू लागले. त्यात आश्चर्य काहीच नव्हते. कोणत्याही वेळी वसाहतीतील थोड्याच मुंग्या बाहेर असतात. वरून मारलेले औषध त्यांना मारते, आत राहिलेल्यांना धोक्याची जाणीव होते आणि त्या अंडी, अळ्या आणि राणीसह बाजूला सरकतात.

मुंग्यांनी गवत खाल्ले, हा सरांचा दुसरा समज मला तपासून पाहायचा होता. पिवळ्या पट्ट्यात मी फूटभर चौरस कापून गवताचा थर उचलून पाहिला. हुमणीची अळी मुळे कुरतडत असेल तर हा थर सतरंजीसारखा सहज सुटतो आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतात. येथे तसे काही नव्हते. मुळे शाबूत होती, पण आखूड आणि कोरडी होती. खुरपे तीन इंच खाली गेले आणि खडखडले. खाली विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा गिलावा आणि मुरूम होता. घर बांधताना उरलेला राडारोडा भिंतीच्या कडेला पसरून त्यावर लाल मातीचा पातळ थर दिला गेला होता, आणि लॉन त्यावरच बसवले होते. फाटकाच्या बाजूला मात्र मूळची काळी माती होती.

पाण्याचा प्रश्न त्याहून सोपा निघाला. मी सरांच्या स्वयंपाकघरातून एकसारखे, सरळ काठांचे नऊ स्टीलचे पेले मागवले, ते लॉनवर ठिकठिकाणी ठेवले आणि स्प्रिंकलर 20 मिनिटे चालू ठेवला. नंतर पट्टी बुडवून पाहिले तर मधल्या पेल्यांत 8 मिलिमीटर पाणी होते आणि भिंतीकडील तीन पेल्यांत जेमतेम 2 मिलिमीटर. हे मोजताना सरांच्या चेहऱ्यावर, वर्गात विद्यार्थ्याने फळ्यावरची चूक दाखवून दिल्यावर येतो तसा भाव होता. रोज दहा मिनिटे पाणी देण्याचा त्यांचा नियम होता आणि त्यामागे काटकसर होती. 2016 साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातील माणसाला बोअरचे पाणी लॉनवर सोडताना संकोच वाटतो, आणि तो योग्यच आहे. पण रोजच्या थोड्या पाण्याने वरचा इंचभर थर ओला होतो, त्यातले बरेचसे दुपारपर्यंत उडून जाते आणि मुळे वरच राहतात. राडारोड्यावरचा कोरडा, उबदार, विरळ गवताचा पट्टा या अग्निमुंगीला अगदी आवडता. म्हणजे क्रम उलटा होता : गवत आधी तहानेने मेले आणि मुंग्या नंतर तेथे राहायला आल्या.

या पाहणीनंतर मी सरांना सांगितले की तीनपैकी एकच जात घालवायची आहे. त्यांना ते पटले नाही. मुंग्या म्हणजे मुंग्या, सगळ्याच जाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. मी त्यास नकार दिला. मुंग्या माती पोखरून मोकळी करतात, मेलेले किडे आणि इतर किडींची अंडी उचलून नेतात, आणि एका जातीला हटवले की मोकळ्या जागेवर दुसरी येते. ती दुसरी जात चावणारी नसावी यासाठी न चावणाऱ्यांना तेथे राहू देणे अधिक शहाणपणाचे असते.

यानंतर चूक झाली ती माझी. मी नेहमीप्रमाणे साखरेच्या पाण्याचे आमिष तयार केले : 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक अॅसिड. बोरिक अॅसिड औषधांच्या दुकानात मिळते आणि कॅरमच्या पटावर घासली जाणारी पावडर म्हणूनही अनेकांनी ते हाताळलेले असते. त्याचे प्रमाण कमी ठेवण्यामागे कारण आहे. आमिष जहाल असेल तर मुंगी वाटेतच मरते. ते मंद असेल तर ती घरी जाऊन इतरांना भरवते. तीन दिवस बाटल्यांच्या झाकणांत हे पाणी ठेवले. मुंगळे आले, बारीक काळ्या मुंग्या आल्या आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्या लाल मुंग्या झाकणाच्या कडेने निघून गेल्या. न चावणाऱ्यांना विष आणि चावणाऱ्यांना अभय, असा तो प्रकार झाला. मी झाकणे तातडीने उचलली.

चौथ्या दिवशी मी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. एका लाल वारुळापासून दीड फुटावर चार झाकणे मांडली, त्यांत विष न घालता गुळाचे पाणी, तांदळाची कणी, पनीरचा चुरा आणि शेंगदाण्याचे कूट ठेवले. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हा गुळावर चार-दोन मुंग्या होत्या, पनीरवर थोड्या, आणि कुटाचे झाकण लाल मुंग्यांखाली दिसेनासे झाले होते. या जातीचा ओढा तेलकट पदार्थांकडे आणि बियांकडे अधिक असतो. मोठ्या डोक्याच्या मुंग्या पाहूनही मी साखर ठेवली, ही सवयीने केलेली चूक होती.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट कळली. सरांच्या आई, वय 84, काठी टेकत भिंतीकडे आल्या आणि पदराच्या टोकात आणलेले साखर घातलेले पीठ त्यांनी पिवळ्या पट्ट्याच्या कडेला चिमटीचिमटीने सोडले. मुंग्यांना पीठ-साखर घालण्याचा त्यांचा नेम माहेरापासूनचा होता. सरांना हे ठाऊक होते, पण त्यांच्या वहीत ते लिहिलेले नव्हते, कारण त्यांना ते मुंग्यांच्या प्रश्नाचा भागच वाटले नव्हते. आयते अन्न रोज जवळ पडत असेल तर आमिषाकडे कोण फिरकणार? आजींना नेम सोडायला सांगणे मला प्रशस्त वाटले नाही आणि त्यांनी तो सोडलाही नसता. मी त्यांना एवढीच विनंती केली की हे पीठ घराच्या मागे, कंपाउंडच्या कोपऱ्यातील कडुनिंबाच्या बुंध्याशी घालावे, तिथल्या काळ्या मुंग्यांनाही भूक लागते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तिथल्या गरीब हायत्या, बाबा. इथल्या मेल्या चावत्यात.” तिन्ही जातींतला फरक त्या घरात फक्त त्यांना माहीत होता, त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच.

दुसरे आमिष असे होते : भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक, तेल सुटेपर्यंत कुटलेले कूट 50 ग्रॅम आणि त्यात नीट मिसळलेले बोरिक अॅसिड दीड ग्रॅम. वाटाण्याएवढ्या गोळ्या करून त्या बोटभर लांबीच्या अर्ध्या इंची पाइपच्या तुकड्यांत सरकवल्या आणि प्रत्येक तुकडा तारेच्या आकड्याने जमिनीत पक्का केला. पाइप यासाठी की शेंगदाण्याच्या वासाने खार, पाखरू किंवा शेजारचे कुत्रे येणारच, आणि लहान मुलाच्या हाती ते लागता कामा नये. बोरिक अॅसिड घरगुती असले तरी ते पोटात जाण्याची वस्तू नव्हे. गवतावर ते सांडणेही वाईट, कारण बोरॉनचे प्रमाण जमिनीत वाढले की गवताची टोके करपतात. काही लोक ही पावडर सरळ वारुळावर भुरभुरतात आणि मग तेथे गवत का येत नाही म्हणून विचारतात. पाइपचे तुकडे वारुळावर ठेवले नाहीत, तर मुंग्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, फूट-दीड फूट अंतरावर ठेवले. वेळ संध्याकाळी सहानंतरची होती, आणि ते दोन दिवस त्या पट्ट्याला पाणी दिले नाही.

घन आमिष राणीपर्यंत कसे जाते, हे सरांनी विचारले आणि प्रश्न चांगला होता. प्रौढ मुंगीला घन कण गिळता येत नाही. ती फक्त द्रव पिते. कुटाचा कण ती आत नेऊन मोठ्या अळ्यांच्या तोंडाशी ठेवते, अळ्या तो पचवतात, आणि त्यातून सुटलेला द्रव तोंडातोंडी फिरत राणीपर्यंत जातो. म्हणूनच या उपायाला वेळ लागतो आणि म्हणूनच तो खोलवर पोहोचतो. या काळात वारुळावर पाणी ओतायचे नाही, पावडर टाकायची नाही, काडीने उकरायचे नाही, अशी ताकीद मी माळीमामांना दिली होती. सरांनी ती पाळली. मामांनी एकदा मोडली आणि ते वारूळ दुसऱ्या दिवशी चार फूट सरकले.

पहिले दोन दिवस मुंग्यांची रांग वाढली, तेव्हा सरांचा फोन आला की औषधाने त्या धष्टपुष्ट होत आहेत. पाचव्या दिवशी रांग विरळ झाली. नवव्या दिवशी मी प्रत्येक ढिगात काडी खुपसून अर्धा मिनिट पाहिले. 14 पैकी 7 वारुळांतून कुणीच वर आले नाही. उरलेल्यांसाठी ताजे कूट ठेवले, कारण उन्हाळ्यात ते दोन-तीन दिवसांत खवट होते आणि मग मुंग्या त्याला शिवत नाहीत. चोविसाव्या दिवशी 12 वारुळे शांत होती. राहिलेली दोन भिंतीच्या पायाशी, जेथे गवत नव्हतेच, अशा फटीत होती. तेथे मात्र पहाटे, मुंग्या पृष्ठभागाजवळ असताना, दोन बादल्या उकळते पाणी सावकाश ओतण्यास माझी हरकत नव्हती. हेच पाणी लॉनमध्ये चुकीचे आणि तेथे बरोबर होते.

जास्वंदीचे काम तासाभराचे होते. कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसले होते. ते झाडाचा रस शोषून गोड चिकटा सोडतात आणि त्यासाठी मुंगळे त्यांची राखण करतात. लागण झालेले शेंडे छाटून जाळले, उरलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार झोताने धुतल्या, आणि लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल थोड्या साबणासह मिसळून आठ-आठ दिवसांनी दोन फवारण्या केल्या. मुंगळे आपोआप कमी झाले. त्यांच्यावर कोणताही उपाय केला नाही.

खरा खर्च आणि खरे श्रम जमिनीवर झाले. भिंतीकडील पट्टा सात फूट रुंदीने खोदला आणि ट्रॅक्टरची ट्रॉली भरेल एवढा राडारोडा बाहेर काढला. त्या जागी काळी माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून सहा-सात इंचांचा थर दिला. नुसती काळी माती टाकली नाही, कारण ती उन्हाळ्यात तडकते, पावसात चिकटते, आणि मुंग्यांना आयती दारे देते. फाटकाकडील दाट लॉनमधून गवताचे तुकडे काढून चार-चार इंचांवर लावले. स्प्रिंकलर मध्यभागी एक होता, त्याऐवजी दोन कोपऱ्यांत दोन बसवले. रोजच्या दहा मिनिटांऐवजी उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी पहाटे एकदाच खोलवर पाणी द्यायचे ठरले. दिवसा उडून जाणारे पाणी वाचल्यामुळे बोअरवरचा भार वाढला नाही. लॉन कापण्याची उंची एका इंचावरून दोन इंचांवर नेली. सरांना लॉन गालिच्यासारखे तासलेले हवे होते, पण बेचाळीस अंशांच्या उन्हात तासलेले गवत जमिनीला सावली देत नाही.

मे महिन्यात नात आली. नव्या पट्ट्यावर तिला जाऊ देत नव्हते, ते मुंग्यांमुळे नव्हे, तर गवत रुजत होते म्हणून. तिला पुन्हा डंख झालाच तर काय करावे हेही सरांनी विचारून ठेवले होते : मुंग्या झटकून जागा साबणाने धुवावी, बर्फ लावावा, फोड फोडू नये, आणि धाप लागली, ओठ किंवा चेहरा सुजला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. तशी वेळ आली नाही.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला आणि संध्याकाळी व्हरांड्यातील दिव्याभोवती पंखांच्या मुंग्यांचा थवा जमला. सरांनी घाबरून फोन केला. मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, असे आपल्याकडे म्हणतात, आणि नरांपुरते ते अक्षरशः खरे आहे. मीलनानंतर ते फार जगत नाहीत. परंतु वाचलेली प्रत्येक राणी पंख टाकून नवे बीळ करते आणि त्यातून ढीग वर दिसायला काही आठवडे जातात. म्हणून मी आमिषाची दुसरी फेरी जूनमध्ये न करता ऑगस्टच्या उघडिपीत, सलग दोन कोरडे दिवस पाहून करण्यास सांगितले.

सप्टेंबरमध्ये गेलो तेव्हा पट्टा भरून आला होता. लाल मुंग्यांची तीन वारुळे होती : एक फाटकाच्या खांबाशी, दोन पायवाटेच्या कडेला. सरांनी पाइपचे तुकडे आधीच लावून ठेवले होते आणि वहीत तारखाही टाकल्या होत्या. मातीचा एक सुका ढीग मामांनी माझ्यासमोर खराट्याने पसरवला, म्हणजे कापणीयंत्राच्या पात्याला माती लागणार नाही. पेव्हर ब्लॉकचा विषय कुणी काढला नाही. मागच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली पिठाची पांढरी रेघ होती आणि तिच्यावर काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.